रेघेकाकांची उचकी

जमिनीच्या कचेरीत जुन्या नकाशांच्या नकला काढता काढता रेघेकाकांची एकतीस वर्षं सरली. त्यांचं खरं आडनाव कुणाच्या लक्षातही नव्हतं. रेघ इतकी सरळ, की शेजारणी भिंतीत खिळा ठोकायलासुद्धा त्यांनाच बोलवायच्या.

आयुष्यात एकच रेघ वाकडी गेली. लग्नाला आठ दिवस झाले होते, काकूंनी डब्यात हात सैल सोडून तिखट घातलं होतं, आणि दोन शेतांमधली हद्द गिरवताना काकांना सणसणीत उचकी आली. सरळ हद्दीला पोट सुटलं. काकांनी खाली ‘अस्सलबरहुकूम’, म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहिलं, सही ठोकली आणि तोंड मिटलं. मूळ नकाशा पुढे वाळवीने खाल्ला. शेतवाल्यांनी नक्कल बघून कुंपण घातलं, पोटासकट.

आता निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना त्यातल्याच एका शेताची मालकीण आत्याबाई खिडकीशी उभी. शेजारच्या शेतातल्या पैलवानाला आपलं शेत विकून उद्या सकाळी ती कायमची लेकीकडे निघणार होती. कागद तयार होता, फक्त सह्या बाकी.

“हा फुगवटा आमच्या आजोबांनी तुम्हाला दिला, दया येऊन,” तिच्यासोबत आलेला पैलवान म्हणाला. “तसं लिहा कागदात.”

“दिला?” आत्याबाईने चष्मा वर सरकवला. “माझ्या वडिलांनी कुस्तीत जिंकलाय. तुझे आजोबा तिथेच आडवे झाले. आकार बघ, पाठ उमटलीय.”

“आजोबांच्या पाठीला कधी माती लागली नाही, आत्या.”

“मग मला विकायचंच नाही.” ती कागद पिशवीत कोंबू लागली.

काकांना ते आजोबा आणि ते वडील चांगले आठवत होते. नक्कल न्यायला आले, तेव्हा एकाच्या हातात काठी होती आणि दुसऱ्याला दोघांनी धरून आणलं होतं. शेजारच्याच टेबलावर साहेब बसले होते. चौकशी लागली तर लागली. काका उठले.

“भांडू नका. ती माझी उचकी आहे.”

त्यांनी डब्यातल्या तिखटापासून सगळं सांगितलं. साहेबांनी फाईलमध्ये डोकं खुपसलं. त्यांचे खांदे हलत होते.

“एकवीस पावलांची उचकी?” पैलवानाने विचारलं.

“आमच्या दोन घरांची इज्जत तुमच्या बायकोच्या मसाल्यावर?” आत्याबाई म्हणाली. “चल रे, सही कर. आणखी थांबलो तर हे माझ्या बापाला ढेकर ठरवतील.”

“पण दिला की जिंकला?”

“ते फोनवर भांडू. उचकी मात्र लिहायची नाही.”

काका नवी नक्कल काढायला बसले. सरळ हात फुगवट्याशी येऊन अडखळला, आणि दोघं दोन्ही खांद्यांवरून वाकले.

“नीट काढा,” आत्याबाई म्हणाली. “माणसाची पाठ आहे ती.”

“पाठ नाही, आजोबांचं मन,” असं म्हणत पैलवानाने काकांच्या खिशातलं पेन काढून विक्रीच्या कागदावर सही केली.