आठ नंबरचा डबा

मुलुंडपासून मरोळपर्यंत माणसांनी आजवर जेवढ्या म्हणून याद्या केल्या, त्या सगळ्या चुकीच्या आहेत आणि त्या दुरुस्त करायलाच आपला जन्म झाला आहे, अशी माझ्या भावोजींची पक्की समजूत आहे. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कांजूरमार्गला, नोकरी मरोळच्या एका कंपनीत आणि काम डेटाबेस सांभाळण्याचं. हे काम नेमकं काय असतं ते त्यांनी मला स्वतःच्या लग्नाच्या पंक्तीत बसून समजावलं होतं. पानातल्या मिठाने केळीच्या पानावर रकाने आखले आणि म्हणाले, "ही एक वही समज. एका ओळीत एक माणूस, प्रत्येकाला एक नंबर. दुसऱ्या वहीत त्या नंबरापुढे त्याने काय काय घेतलं ते. नंबर जुळला की दोन्ही वह्या एकमेकींशी बोलायला लागतात." तेवढ्यात वाढप्याने त्या रकान्यांवर जिलबी ठेवली. नव्या नवरदेवाचा चेहरा असा पडला, की वाढप्याने घाबरून आणखी दोन वाढल्या.

भावोजींचा पहिला नियम असा, की काहीही काढून टाकण्याआधी जे काढायचं ते डोळ्यांनी बघायचं. हा नियम त्यांच्या कंपनीत म्हणे फार उपयोगाचा आहे, पण ताईच्या फ्रिजला त्याचा जाच होतो. शिळंपाकं टाकायचं असलं की भावोजी आधी सगळ्या वाट्या ओट्यावर मांडतात, मोजतात, ताईला बोलावून दाखवतात, तिची मंजुरी घेतात आणि मग टाकतात. तोवर त्यातलं जे बरं असतं तेही आंबून जातं. दुसरा नियम अटीचा. ताई सहज म्हणाली, "अहो, ते जुने कपडे देऊन टाका ना," की हे कमरेवर हात ठेवून विचारतात, "अट काय? जुने म्हणजे कधीपासूनचे? कुणाचे? अट सांगितली नाहीस तर सगळे जातील." यामागे एक इतिहास आहे. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ एका गिऱ्हाइकाचा पत्ता बदलायला बसले आणि कुठल्या गिऱ्हाइकाचा, ती अट घालायला विसरले. कंपनीची पुण्याची, नागपूरची, पार गुवाहाटीची सगळी गिऱ्हाइकं एका सेकंदात घाटकोपरला राहायला आली. भावोजी ही गोष्ट सांगताना आजही आवाज खाली आणतात.

त्यांना साधा प्रश्न विचारणं जोखमीचं आहे. एका बारशाला यजमानीणबाईंनी विचारलं, "जेवण आवडलं ना?" भावोजी म्हणाले, "अजून जेवलो नाही. म्हणजे उत्तर हो नाही आणि नाहीही नाही. तो रकाना रिकामा आहे. रिकामा म्हणजे शून्य नव्हे बरं का." त्या बाई अजून ताईशी नीट बोलत नाहीत. दुसऱ्या एका समारंभात आमचे बाबा आणि भावोजींचे काका दारात उभे राहून "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करत होते. मागे ही रांग. भावोजींनी पुढे होऊन निदान केलं, "दोघंही एकमेकांसाठी अडलेत. डेटाबेसमध्ये असं झालं की एकाला मारावं लागतं." बाबा लगेच आत गेले.

पण सगळ्यांत भारी प्रकरण नंबरांचं. एकदा दिलेला नंबर परत दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, ही त्यांची निष्ठा. ताईच्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर त्यांनी नंबर घातलेत आणि फ्रिजच्या दारावर यादी चिकटवलीय. त्यातला आठ नंबरचा डबा एका हळदीकुंकवाला लाडू भरून गेला तो गेलाच. ताईने तसाच नवा आणला. भावोजींनी त्याच्यावर तेवीस घातला.

"अहो, आठ रिकामाच आहे की! द्या ना याला."

"आठ गेला. उद्या जुन्या यादीत कुणी आठ बघितला तर त्याला हा डबा वाटेल. हा तो नव्हे."

"जुनी यादी बघायला येतंय कोण डोंबल!"

फळीवर सातनंतर नऊ आहे आणि मध्ये एका डब्याची मोकळी जागा. तिथे दुसरं काही ठेवायचीही चोरी. गेली अनेक वर्षं मी त्या जागेवरून त्यांना हसत आले.

आता वाचनालयाकडे येते. मुलुंड पूर्वेला आमच्या कॉलनीत एका खोलीत वाचनालय चालतं आणि मी त्याची कार्यवाह आहे, म्हणजे दुसरं कुणी तयार होत नाही. खोली एका धर्मादाय ट्रस्टची. त्यांची अट एवढीच, की वार्षिक सभेच्या दिवशी सभासद तीनशेच्या वर हवेत. नसले तर खोली झुंबाच्या वर्गाला. आमच्या सभासदांची आणि पुस्तकांची यादी भावोजींनीच सहा वर्षांपूर्वी संगणकावर चढवली होती. दर शनिवारी स्कूटरवरून येऊन ते तिची देखभाल करतात आणि जाताना तीन पेनड्राइव्हवर तीन नकला घेतात. पहिल्याच वर्षी त्यांनी आमच्या ग्रंथपाल बाईंना सांगितलं होतं, "ती जुनी कार्डं आता रद्दीत घाला." बाई "बरं" म्हणाल्या होत्या.

या वर्षी सभेच्या आधी मी भावोजींना फक्त यादी छापून द्या म्हटलं. तीनशे चौतीस सभासद होते, खुशाल छापून द्यायचे. पण भावोजींना यादीत दुबार नोंदी दिसल्या. तोच माणूस दोनदा आलेला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शिऱ्यात मीठ घातलंय.

"हे खोटं आहे. मी साफ करतो."

"भावोजी, सभा झाल्यावर करा ना!"

"सभेला खोटा आकडा देऊ?"

त्यांनी त्यांची युक्ती लावली. ज्यांचा फोन नंबर एकच, ते एकच माणूस. त्यातली सगळ्यांत जुनी नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. उडवण्याआधी यादी बघितलीही, पण नुसते नंबर बघितले, नावं नाहीत. उरले दोनशे एकाहत्तर. भावोजींनी स्वच्छ मनाने तो आकडा ट्रस्टला मेलवर कळवून टाकला आणि मला येऊन म्हणाले, "आता यादी झकास झाली." मी मनातल्या मनात खोली झुंबावाल्यांना देऊन टाकली.

यादी किती झकास झाली ते बुधवारी सकाळी कळलं. आमच्या कॉलनीच्या सर्वांत जुन्या सभासद काकू पुस्तक बदलायला आल्या. वय ब्याऐंशी, सभासद क्रमांक सतरा. संगणक म्हणाला, असा सभासद नाही. काकू म्हणाल्या, "अगं, मी ही काय उभी आहे!" त्यांच्यामागून शेजारच्या इमारतीतल्या बायका आल्या. त्याही नव्हत्या. अकरा वाजेपर्यंत वाचनालयात नसलेल्या माणसांची एवढी गर्दी झाली, की असलेल्यांना उभं राहायला जागा उरली नाही.

भावोजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मरोळहून आले. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, "भावोजी, शेजारच्या इमारतीतल्या चौदाजणींचा फोन नंबर एक का आहे, माहितीये?" त्यांना माहीत नव्हतं. कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. त्या इमारतीच्या तळमजल्यावर ब्यूटी पार्लर आहे. म्हाताऱ्या बायकांना मोबाइलवरचं वाचता येत नाही, म्हणून फॉर्मवर सगळ्यांनी पार्लरवालीचा नंबर दिलेला. पुस्तकाची मुदत संपल्याचा मेसेज आला की पार्लरवाली जिन्यात उभी राहून ओरडते, "तिसरा माळा, पुस्तक द्या गं!" शिवाय अख्ख्या भजनी मंडळाचा नंबर एक, आणि नवरा-बायकोंची तर गणतीच नाही. खऱ्या दुबार नोंदी निघाल्या नऊ. बाकीची चोपन्न माणसं हाडामांसाची होती.

"काळजी नको," भावोजी म्हणाले, "माझ्याकडे तीन नकला आहेत." पहिला पेनड्राइव्ह लावला. रिकामा. दुसरा रिकामा. तिसऱ्यावर ताईच्या मंगळागौरीचे फोटो. चार वर्षांपूर्वी वाचनालयात नवा संगणक आला तेव्हा यादीची जागा बदलली होती आणि भावोजी तेव्हापासून दर शनिवारी इमानेइतबारे एका रिकाम्या कप्प्याची नक्कल घेत होते. नक्कल उघडून बघायची वेळच आली नव्हती. मला त्यांना चार शब्द सुनावायचे होते, खरं सांगते, जिभेवर तयारही होते. पण पंचवीस वर्षांत मी त्यांना असं खाली बघत बसलेलं पाहिलं नव्हतं.

ग्रंथपाल बाई उठल्या, दिवाळी अंकांचं कपाट उघडलं आणि सगळ्यांत खालच्या कप्प्यातून चार खोकी ओढली. जुनी कार्डं! नव्या सभासदांचीसुद्धा होती. बाई सहा वर्षं गुपचूप दोन्हीकडे लिहीत होत्या. "तुम्ही रद्दीत घाला म्हणालात," त्या म्हणाल्या, "कधी, ते नाही सांगितलंत." भावोजींनी त्यांना दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

पुढचे तीन दिवस भावोजी कार्डं घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक दारात एकच वाक्य, "मी तुम्हाला चुकून उडवलंय, सही द्या." संगणक प्रत्येकाला नवा नंबर द्यायला निघाला होता, पण भावोजींनी ते बंद करून हाताने ज्याचा त्याला जुना नंबर घातला. मी डिवचलं, "काय हो, गेलेला नंबर परत देत नाही ना तुम्ही?" ते म्हणाले, "ते गेले नव्हते. मी घालवले होते."

सभेला त्यांनी उभं राहून चूक कबूल केली. ट्रस्टचे अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "आठवड्यापूर्वी दोनशे एकाहत्तर, आज तीनशे पंचवीस. अहो, चौदाजणींचा फोन एक? आम्हाला काय खुळे समजता?" आणि त्यांनी खात्री करायला तो नंबर तिथेच फिरवला. सभागृहाच्या मागच्या रांगेत फोन वाजला. पार्लरवाली उठली. "हॅलो, बोला! कोण पाहिजे? चौदाच्या चौदाजणी इथेच बसल्यात." आणि चौदाजणींनी हात वर केले. अध्यक्षांनी फोन ठेवला. खोली आमच्याकडे राहिली, झुंबावाले कांजूरमार्गला गेले.

सभा संपल्यावर भावोजी पायरीवर काकूंशेजारी बसले. काकूंच्या नोंदीत एक गोष्ट राहिली होती. सतरा उडाला होता, कारण त्याच फोनवर सोळा होता, काकांचा. काका तीन वर्षांपूर्वी गेले. तरी काकू त्यांच्या कार्डावर दर आठवड्याला एक रहस्यकथा नेत होत्या, स्वतःच्या कार्डावर वेगळं पुस्तक. बाईंना आणि मला ते ठाऊक होतं. आम्ही बोलत नव्हतो.

"चोरीच आहे ती, जावईबापू," काकू म्हणाल्या. काकू आमच्या कॉलनीच्या सगळ्याच जावयांना जावईबापू म्हणतात. "दोघं एकाच दिवशी सभासद झालो होतो. हे पुढे, मी मागे. मला रहस्यकथा आवडत नाहीत मेल्या. पण शेवट काय झाला ते ह्यांना सांगायची सवय लागलीय. सोळा बंद करा आता. तीनशे पंचवीसातला एक कमी झाला तर चालेल ना?"

"चालेल, काकू."

"उडवून टाकणार?"

"नाही. ओळ तशीच राहणार. फक्त पुढे 'बंद' लिहायचं."

"आणि तो नंबर? नवीन कुणी आलं तर त्याला द्याल?"

भावोजी म्हणाले, "नाही, काकू. गेलेला नंबर आम्ही कुणालाच देत नाही."

काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. भावोजी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही वाक्यात अट शोधत नव्हते. मी उगाच खुर्च्या मोजायला आत गेले, कारण मला रडू येत होतं.

गेल्या रविवारी कांजूरमार्गला ताईकडे गेले होते. साखर हवी होती म्हणून फळीवर हात घातला. सात, मग मोकळी जागा, मग नऊ. ताई म्हणाली, "तो चहाचा डबा ठेव तिथे, हे बाहेर गेलेत तोवर." मी तो खाली ओट्यावरच ठेवला.