मागच्या सीटवरची काच

भर दुपारी औषधांच्या दुकानासमोर एक नवी गाडी थांबली. चाळिशीतला चालक उतरून दुकानात गेला. गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती आणि मागच्या सीटवर त्याचे वडील बसले होते. थोड्या वेळाने ते काचेचं बटण दाबू लागले. गाडी बंद असल्याने काच हलेना. नातवासाठी लावून ठेवलेल्या चाइल्ड लॉकमुळे दारही आतून उघडेना. ते ओरडत होते, पण बाहेर फक्त हलणारे ओठ आणि कपाळावरचा घाम दिसत होता.

मी फुटपाथवरून हे पाहिलं आणि दुकानातून त्यांच्या मुलाला बोलावून आणलं. त्याने दार उघडलं, तसे वडील बाहेर आले.

"बाबा, पाचच मिनिटं तर झाली!"

"मग तू बस आत पाच मिनिटं. औषधं मी आणतो."

पूर्वी काचेला हाताने फिरवायचा दांडा असे. तो अडकायचा, कधी उपटून हातात यायचा. पण मागे बसलेल्याला वारा हवा असेल, तर कुणाला विचारावं लागत नसे. आता त्याचा वारा दुसऱ्याच्या खिशात असतो, आणि या व्यवस्थेला सोय म्हणतात.

मुलाने घाईने गाडी सुरू करायचं बटण दाबलं. ब्रेकवर पाय नसल्याने गाडी नुसतीच टुणटुणली. दुसऱ्यांदा ती सुरू झाली.

"बसा, एसी लावलाय."

वडिलांनी समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"तू ये सावकाश," ते म्हणाले, आणि रिक्षात अगदी कडेला, वाऱ्याच्या बाजूला बसले.