मुंग्यांच्या टीव्हीवरचा खेळ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यापैकी धाकट्याने आईला विचारलं, की माझ्या गेमच्या डब्याला कुठला टीव्ही चांगला, हे ओळखायचं कसं? तुमची आई हसून म्हणाली, "आजीला विचार, तिला कळतं त्यातलं." तुम्ही दोघं खो खो हसलात. तुम्हाला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. तुम्ही टीव्ही घ्यायला दुकानात जाण्याआधी हे तुमच्या हातात पडावं, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

गोष्ट सत्तरचं दशक संपत आलं तेव्हाची. आज जिथे जुळे सोलापूर आहे तिथे तेव्हा माळरान होतं आणि आम्ही याच घरात, जुन्या गावात, विणकरांच्या आळीला लागून राहत होतो. दिवसभर मागांचा खडखडाट असायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीलाच तुमची आई भाड्याच्या सायकलवरून पडली आणि तिने मांडीचं हाड मोडून घेतलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची कॉट लावली. पहिले काही दिवस आळीतल्या सगळ्या मुली आल्या, प्लास्टरवर टिचक्या मारून गेल्या. पण मुलींचे खेळ जमिनीवरचे, सागरगोट्यांचे, नाहीतर अंगणात पळण्याचे. कॉटवर झोपलेल्या मुलीशी खेळायचं काय? एकेक करून यायच्या थांबल्या. त्यांचा आरडाओरडा मात्र खिडकीतून ऐकू यायचा.

एका दुपारी ती मला म्हणाली, "आई, माझी कॉट खिडकीपासून लांब कर."

मी केली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पाय जुळून येईल असं डॉक्टर सांगत होते, पण मला काळजी पायाची नव्हती.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, अमेरिकेहून सुट्टीवर आला. तो सांगोल्याला आमच्या माहेरी उतरला आणि भाचीला बघायला एसटीने सोलापूरला आला. त्याने तिच्यासाठी एक काळा चपटा डबा आणला होता. त्याला दोन घुंड्या. टीव्हीला जोडला की पडद्यावर दोन पांढऱ्या दांड्या दिसतात, मधे एक ठिपका. घुंडी फिरवली की आपली दांडी वर-खाली होते आणि ठिपका टोलवायचा. दोघांनी खेळायचा खेळ. तिने डबा पोटावर ठेवला, घुंड्या फिरवून पाहिल्या आणि विचारलं, "मामा, टीव्ही कुठेय?"

भावाने खोलीभर नजर फिरवली. तिकडे घरोघरी टीव्ही असतो. इथे बहिणीकडे नसेल, हे बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवसांनी तो सांगोल्याला परत गेला. डबा पोटावर तसाच राहिला. पण बऱ्याच दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं, आणि दोघांचा खेळ म्हणजे दुसरं कुणीतरी कॉटपाशी येणार होतं. मी ठरवलं, टीव्ही शोधायचा.

तेव्हा सोलापुरात टीव्ही अगदी मोजक्या घरांत होते आणि त्यावर दिसायच्या त्या बहुतेक मुंग्या. म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा वळवळता पडदा. कधी हवा जमली तर पुण्याचं स्टेशन लागायचं, कोणी म्हणे गुलबर्ग्याचं. त्यामुळे आपल्याकडे टीव्हीची पारख एकाच गोष्टीवर व्हायची: तो लांबचं स्टेशन किती ओढतो. ओढणारा टीव्ही चांगला, न ओढणारा भंगार. एक जण गच्चीवर अँटेनाचा पाइप फिरवणार, दुसरा टीव्हीपुढे बसून ओरडणार, "आलं! ... गेलं!" ही रीतच होती.

मी डबा पिशवीत घालून नव्या पेठेत गेले. तिथल्या रेडिओच्या दुकानात एकच टीव्ही मांडलेला होता.

"वहिनी, संध्याकाळी या," दुकानदार म्हणाला. "स्टेशन लागलं की दाखवतो. लई ओढतंय बघा!"

"मला स्टेशन नको. हा खेळ लावून बघायचाय."

त्याने डबा हातात घेऊन उलटासुलटा केला. "हे जोडून ट्यूब उडाली तर? स्टेशन बघा की. ज्याला स्टेशन दिसतंय त्याला सगळं दिसतंय."

मला ते पटलं नाही. स्टेशन लांबून येतं, खेळ तर हातभर वायरीतून येणार. त्याला ओढायचंय काय? पण त्याने काही डबा लावू दिला नाही.

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. किराणा मालाचा व्यापार, घरात कन्नड, दारात मराठी. त्यांच्या मुलाच्या लग्नात मुंबईच्या व्याह्यांनी टीव्ही दिला होता. तो सोलापुरात येऊन काहीच ओढेना, म्हणून अक्कांनी त्यावर क्रोशाचा रुमाल घालून लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. मी मागितला तर त्या हसायलाच लागल्या. "अय्यो, त्यो कशाला? मुंग्यांचं वारूळ हाय त्ये. तुज्या पोरीला चावतील की!" मग बरण्या उतरवत म्हणाल्या, "आयतु, बरं, घेऊन जा. पर अँटेनाबी ने, नायतर म्हणशील अक्कानं अर्धाच दिला."

रविवारी सकाळी तुमच्या आजोबांनी गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून अँटेना बांधली. टीव्ही कॉटशेजारी स्टुलावर आला. डबा सेलवर चालायचा, त्यामुळे विजेची भीती नव्हती. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेतलं सगळं मी दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, की टीव्हीच्या पाठीमागची अँटेनाची चपटी वायर सोडवा आणि तिथे खेळाची वायर जोडा. मी तसं केलं. बटण दाबलं.

मुंग्या.

"अँटेना फिरवा की!" दारात उभ्या अक्का म्हणाल्या. "खेळ अमेरिकेचा हाय, तिकडं तोंड करा तिचं." तुमचे आजोबा लगेच जिन्याने वर. मी मागून ओरडले, "अहो, वायर काढलीय, खाली या!" पण बाहेर वारा आणि मागांचा आवाज. वरून फक्त त्यांची हाक आली, "आलं का?"

अँटेनाची वायर माझ्या पायाशी जमिनीवर पडली होती.

पुस्तिकेत तीन किंवा चार नंबरचं चॅनेल लावायला सांगितलं होतं. चारवर काही नाही, तीनवर काही नाही. पण चॅनेलच्या घुंडीभोवती एक बारीक कडं होतं. चारवर ठेवून मी ते कडं हळूहळू फिरवत गेले. मुंग्या विरळ झाल्या आणि मागे दोन दांड्या दिसल्या.

"आलं!" कॉटवरून तुमची आई किंचाळली.

"आलं का?" वरून आजोबा.

"गेलं!" कारण दांड्या सरसर वर पळायला लागल्या. संपूर्ण चित्रच एकावर एक वर चढत होतं.

"थांबा, जरा डावीकडं घेतो!"

टीव्हीच्या पाठीमागे चित्र स्थिर करायची छोटी घुंडी होती. व्हर्टिकल होल्ड. मी पाठीमागे वाकून ती फिरवायची आणि तुमची आई पुढून सांगायची, "पळतंय... अजून पळतंय... हळू झालं... थांब, थांब! आई, हात काढ!" चित्र थबकलं. काळ्या पडद्यावर दोन दांड्या, मधे ठिपका. एक मुंगी नाही.

"आलं! बाबा, आलं!"

"हलवू नका कोणी!" आजोबांनी वरून हुकूम सोडला आणि पाइप तारेने कठड्याला घट्ट आवळून टाकला. जेवताना मी त्यांना वायरीचं सांगितलं. ते शांतपणे भात कालवत म्हणाले, "पण आलं तेव्हा मी फिरवत होतो की नाही?"

तो टीव्ही अगदी निर्दोष होता असं नाही. पडद्याचे कोपरे गोल, त्यामुळे वरचे गुणांचे आकडे अर्धे कापले जायचे आणि आठ की तीन यावरून भांडणं व्हायची. पण घुंडी फिरली की त्याच क्षणी दांडी हलायची. खेळाला तेवढंच लागतं. स्टेशनसाठी टाकाऊ ठरलेला टीव्ही खेळाला उत्तम निघाला.

दुपारी तुमची आई म्हणाली, "आई, कॉट परत खिडकीशी ने."

"अगं, उजेडात ठिपका दिसायचा नाही."

"मुली जाताना दिसतील की. मला हाक मारायचीय."

मग आम्ही एक सोलापुरी चादर टीव्हीवरून कॉटवर तंबूसारखी बांधली. आत अंधार, बाहेर खिडकी उघडी. पहिली हाक ऐकून आली ती समोरच्या विणकरांची मुलगी. चादरीत डोकं घालून तिने बघितलं आणि नाक मुरडलं. "ह्यो कसला खेळ? रेघ आन ठिपका!"

"हरशील म्हणून घाबरतीस."

ती एक घुंडी धरून कॉटच्या कडेला बसली. थोड्याच वेळात आतून आवाज आला, "पाय मोडलाय गं तुजा, हात न्हाय मोडला! हरलीस!" आणि मग तुमच्या आईचं हसणं. ते मी स्वयंपाकघरात हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकलं. संध्याकाळपर्यंत चादरीखालून इतके पाय बाहेर आले होते, की त्यातलं प्लास्टर कुठलं ते शोधावं लागलं. प्लास्टर निघेपर्यंत कॉट खिडकीशीच राहिली.

तर बाळांनो, दुकानात टीव्हीवर धबधबे नि पोपट दाखवतील, त्याला भुलू नका. तो त्यांचा आजचा "लई ओढतंय" आहे. आपला डबा पिशवीत घालून न्या, लावा आणि घुंडी फिरवा. हात आणि पडदा एकाच वेळी हलले पाहिजेत. आणि शेजारी दुसऱ्याला बसायला जागा आहे का, तेही बघा.

खेळाचा डबा पुढच्या उन्हाळ्याआधीच बंद पडला. अक्कांचा टीव्ही भंगारात गेला. समोरची ती मुलगी आता हैदराबादला असते आणि तुमच्या आईला अजून फोन करते. गच्चीवरचा पाइप तसाच आहे, तारेने कठड्याला आवळलेला. त्याला मी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे.