मागे बांधलेल्या दोन सायकली

गौरी गेल्यानंतर सुधा, माझी बायको, वर्षभर माझ्याशी गरजेपुरतंच बोलत होती. जेवायला वाढू का, गोळी घेतली का, गॅस बंद केलात का. गौरी आमची एकुलती एक. सव्वीस वर्षांची पोर रक्ताच्या आजारानं ऐन आषाढात गेली, तेव्हा घर मुकं झालं यात नवल ते काय, असंच सगळ्यांना वाटायचं. मला मात्र त्या अबोल्याची भीती वाटायची. एक गोष्ट मी सुधापासून लपवली होती आणि ती मला आतून खात होती.

आजारपण कळायच्या आधी, त्या वैशाखात, आम्ही बापलेक सायकलनं पंचक्रोशीला गेलो होतो. आमच्या उज्जैनची ही पाच दिवसांची यात्रा. निघताना नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून बल मागून घ्यायचं आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते परत करायचं, अशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी म्हणाली, "बाबा, कणकण वाटतेय. पायांत जीवच नाहीये. घरी जाऊया का?" मी जन्मभर गणित-विज्ञान शिकवलेला हट्टी मास्तर. म्हणालो, "बल घेतलंयस ना देवाचं? मग अर्ध्यातून परतायचं नसतं. नाटकं पुरे, चल." ती बिचारी चालवत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी सायकलवरून कोसळली. टेम्पोत घालून तिला घरी आणली आणि सुधाला सांगितलं, ऊन लागलंय. "घरी जाऊया का" हे तिनं विचारलं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नाही. दोन महिन्यांत सगळं आटोपलं. रामघाटावर विधी करताना गुरुजी सांगतील ते मी यंत्रासारखं करत होतो आणि कानात तेच तीन शब्द होते.

यंदा वैशाखाच्या महिनाभर आधी सुधा आपणहून म्हणाली, "तिची यात्रा पुरी करायची. बल परत द्यायचं राहिलंय." मी म्हटलं, मी व्हॅन काढतो, तिची सायकल आत घालू. तर म्हणाली, "आत नको. अगदी पाठीशी असेल, मला नाही सहन होणार. बाहेर बांधा. आणि तुमचीही घ्या. एकटी तिची नको." टपावर चढवायची तर माझा उजवा खांदा वर जात नाही. मग कुणीतरी सुचवलं, व्हॅनला मागून टो बार बसवा. म्हणजे गाडीच्या मागे लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला गोळा, त्या गोळ्यावर सायकलींचं स्टँड घट्ट आवळायचं.

झालं, मास्तर कामाला लागले! आठ-दहा दिवस मी त्यावर वाचत होतो. गोळा केवढा, त्याच्यावर वजन किती चालतं, सायकलींनी मागचा दिवा आणि नंबर झाकला तर काय करायचं, सगळं वहीत उतरवलं. खरं सांगायचं तर त्या वहीत तोंड खुपसलं की तेवढा वेळ गौरी आठवत नसे. टो बार थेट चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं आवळलेला हवा, हे मला पक्कं कळलं होतं. पण आमच्या जुन्या व्हॅनचा तसा बार बाहेरून मागवावा लागणार होता, आणि दशमीला यात्रा निघायची. फ्रीगंजमधला एक दुकानदार म्हणाला, "बंपर के ब्रैकेट पे वेल्डिंग मार देते हैं अंकलजी, चल जाएगा. दो साइकिल का वजन ही कितना!" पोरांनी एक पायरी गाळली तरी मार्क कापणारा मी, "बरं, मारा" म्हणालो. लांब टोकाला लटकलेलं वजन खड्ड्याखड्ड्यात किती पट होतं, हे मीच वर्गात शिकवलेलं. पण घाई होती, आणि मनातून वाटत होतं, एकदाचं होऊन जाऊ दे.

नागचंद्रेश्वराला आम्ही नुसते हात जोडले. आधीचं बल फेडलेलं नाही, तर नवं कुठल्या तोंडानं मागायचं? पहिला मुक्काम नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता माणसांनी भरला होता. डोक्यावर गाठोडी, मुखी भोलेनाथाचं नाव, आणि त्यातून आमची व्हॅन गोगलगायीसारखी. गौरीनं जिथं मला विचारलं होतं, तो रस्ता जवळ येत होता. मनात म्हटलं, देवा, आता माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पन्नाशीचा, अनवाणी, डोक्यावर शिध्याचं गाठोडं घेतलेला यात्रेकरू. म्हणाला, "बाबूजी, गाड़ी साइड में लो. सुबह से आपके पीछे चल रहा हूँ, हर गड्ढे पे आपकी पट्टी झूल रही है." मी उतरून बघितलं तर वेल्डिंग अर्धं उकललेलं, फटीत बोट जाईल एवढं. मागे लागूनच बायकांचा जथा चालत होता. दोन्ही सायकली स्टँडसकट त्यांच्या पायांत पडल्या असत्या. तो खाली वाकून बघत म्हणाला, "किसने लगाया ये? बंपर तो चमड़ी है बाबूजी. वजन हड्डी पे लेते हैं."

माणूस गाड्यांच्या बॉडीचं काम करणारा निघाला. पुढच्याच गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारं एक दुकान होतं. पट्टी दोरखंडानं आवळून गाडी हळूहळू तिथवर नेली. तिथं त्यानं आपलं गाठोडं खुंटीला टांगलं, हत्यारं मागून घेतली आणि व्हॅनखाली शिरला. चेसिसच्या दोन्ही बाजूंना धरून जाड पट्टी टाकायची आणि टो बार तिच्यावर आवळायचा, असा त्याचा बेत. त्यासाठी सायकली उतरवणं भाग होतं. माझी मी चिंचेच्या झाडाला टेकवली. गौरीची कुणाच्या हाती द्यावी म्हणून वळलो, तर सुधा गाडीतून उतरून समोर उभी. वर्षभर तिनं त्या सायकलीला हात लावला नव्हता. तिनं हँडल धरलं, सीटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती उंच ठेवायची हो सीट ही पोरगी."

मला राहवेना. तिथंच, ठोकाठोकीच्या आवाजात, मी तिला सगळं सांगितलं. कणकण, पायांत जीव नसणं, घरी जाऊया का, माझं ते "नाटकं पुरे". सांगताना तिच्याकडे बघायची छाती झाली नाही.

सुधा म्हणाली, "ठाऊक आहे मला. दवाखान्यातच सांगितलं तिनं. म्हणाली, आई, मी सांगितलं हे बाबांना कळू देऊ नकोस, ते मोडून पडतील."

"मग तू एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. रोज पान वाढताना वाटायचं, आज सांगतील. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारलं होतं. ते म्हणाले, दोन दिवस आधी आणली असती तरी काही फरक पडला नसता. तुमच्यासाठीच विचारलं होतं. पण तुम्ही तोंडच उघडेनात, तर ते सांगू कशी? मी चिडलेय तुमच्यावर. अजूनही चिडलेय." आणि तिनं सायकल एका हातानं धरून दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, आम्ही दोघं म्हातारे हमसून हमसून रडलो.

"हो गया माताजी," तो माणूस हात पुसत म्हणाला. "अब हाथी लटका दो." पैसे घेईना. "यात्रा में हूँ. कहीं दिख जाऊँ तो चाय पिला देना." पुढच्या प्रत्येक मुक्कामावर आम्ही त्याला शोधलं. एवढ्या गर्दीत एक माणूस सापडला नाही, यात काही चमत्कार आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला नमस्कार मी रोज करतो.

अमावास्येला सुधानं घोडा वाहिला, गौरीचं बल परत केलं. इतके दिवस मी देवाकडे मागत होतो, हे मला एकट्याला पेलू दे. आता वाटतं, त्याच्या पायाशी ठेवायचं म्हणजे आधी आपल्या माणसापुढे ठेवावं लागतं. मला ते आपणहून जमलं नसतं, म्हणून त्यानं गाडी थांबवली. त्याचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. गौरीची आठवण काढून आम्ही अजून रडतो, आणि सुधा अधूनमधून चिडतेही. चिडू दे.

त्या दिवशी घरी पोचल्यावर मी स्टँड सैल केलं आणि गौरीची सायकल उतरवायला खांदा लावला. सुधा आतून तशीच धावत आली. म्हणाली, "थांबा. एकटे नका उचलू."