लोणी काढलेलं पाणी

खालापूर भागात मी तीस-पस्तीस वर्षं वैद्यकी केली. नाडी बघणे, काढे उकळणे आणि मत देणे ही माझी तीन कामं. पहिल्या दोन कामांबद्दल लोक कधी भात देत, कधी वालाच्या शेंगा. तिसरं मी फुकट करी, आणि खरं सांगायचं तर माझा जीव त्या तिसऱ्यातच जास्त रमे.

मुंबईचं वर्तमानपत्र टपालाने मला दोन दिवस शिळं मिळे. दुपारची झोप झाली की ओट्यावर बसून मी ते मोठ्याने वाचायचो. ऐकायला चार-सहा माणसं असत. त्यांतला न चुकता येणारा म्हणजे आमच्याच गावचा एक गृहस्थ. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर लावणाऱ्या इंजिनांवर त्याने उभी उमर भट्टीत कोळसा टाकण्यात घालवली होती आणि नोकरी संपल्यावर तो गावी येऊन राहिला होता. सगळे त्याला फायरमन म्हणत. जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं आणि माझं कधी एकमत झालं नाही, म्हणून तर मैत्री टिकली.

पहिलं महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती. पेपरात रोज काहीतरी नवलाचं असे. विमानाची बातमी आली तेव्हा मी म्हणालो, वर जाण्यात काय मोठंसं, खाली उतरता आलं पाहिजे. फायरमन म्हणाला, "खाली यायला काय लागतंय? ते आपलं आपन येतंय." बिनतारी संदेशाची बातमी वाचली तेव्हा एकाने विचारलं, बिनतारी जमतं तर मग सगळीकडे तारा कशाला ओढल्यात? मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी ते जरा मोठ्या आवाजात दिलं. विजेच्या तारेवर बसलेला कावळा मरत का नाही, यावर आमचे तीन दिवस गेले. विजेवर आगगाडी चालेल का, यावर तर फायरमन हातघाईवरच येई. "जी ईज डोळ्यांना दिसत नाय, ती गाडी ढकलनार कशी?" पुढे खरोखरच घाटात विजेची इंजिनं आली, तेव्हा तो कर्जतला जाऊन बघून आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पण ते पुष्कळ नंतर.

वीज हा आमचा हक्काचा विषय होता, कारण ती आमच्याच डोक्यावरून जात होती. घाटमाथ्यावर धरणं बांधून पाणी अडवलं होतं. ते मोठाल्या लोखंडी नळांतून कड्यावरून खाली खोपोलीला सोडत, त्याच्या जोरावर चाकं फिरत, आणि तयार झालेली वीज तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना जाई. आमच्या घरात आपली रॉकेलची चिमणी. आमच्या वाट्याला आलं ते काम झालेलं पाणी. पाताळगंगा पूर्वी फाल्गुनातच डबक्यांवर यायची, ती आता ऐन वैशाखातही खळखळत वाहत होती.

अशाच एका दुपारी कुणीतरी मला विचारलं, "वैद्यबुवा, ईज काढून घेतल्यावर पान्यात मागं काय ऱ्हातं?"

मी नुकताच वाटीभर ताक पिऊन आलो होतो. म्हणालो, "लोणी काढल्यावर मागं काय राहतं? तसंच हे. पाण्याचं लोणी गेलं मुंबईला, ताक आलं पाताळगंगेला."

सगळे खो खो हसले. मलाही माझं बोलणं फार आवडलं, इतकं की त्या आठवड्यात मी ते आणखी दोन ठिकाणी सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या परसात बारमाही विहीर होती. नदीला नावं ठेवायला माझं काय जात होतं?

तंबाखू सोडा म्हणून मी घसा कोरडा केला, ते कुणी ऐकलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत धूर कोंडू नका म्हणून सांगून दमलो. पण ही थट्टा मात्र लोकांनी अगदी पथ्यासारखी पाळली, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

चैत्र संपत आला होता. डोंगरावरच्या ठाकरवाडीत एकाला ताप होता, त्याला बघून मी सकाळचा खाली उतरत होतो. पायथ्याच्या वाटेवर माझ्यापुढे एक बाई डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चालली होती. जवळ गेलो तेव्हा ओळखलं. नदीकाठच्या वाडीतल्या एका घरची ती सून. सातवा महिना चालू होता. तिचं आधीचं मूल सातव्यातच गेलं होतं. या खेपेला काही झालं तर वैद्यबुवा, आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं, असं तिची सासू मला म्हणाली होती, आणि जड उचलू देऊ नका, चढ चढू देऊ नका, असं मीच त्या घरी बजावून आलो होतो.

"अगं पोरी, कुठून आणतेस हे?"

ती थांबली. डोक्यावरचा हंडा सावरत म्हणाली, "डोंगरातल्या झऱ्यावरनं."

"दारात नदी वाहते ना तुमच्या?"

"नदीच्या पान्यातली शक्ती काढून घेतल्याली हाय. पोटातल्या पोराला तसलं पानी नको म्हनतात सासूबाई." मग खाली बघून म्हणाली, "तुमीच सांगितलंत न्हवं?"

तो हंडा तिच्या डोक्यावर मी ठेवला होता. झरा अर्ध्या डोंगरात, वाट निसरड्या मुरमाची. मी तिच्या कमरेवरची कळशी घ्यायला गेलो, तर ती "नको, नको, कुनी बघंल" म्हणत पुढे झाली. घरी आलो आणि जेवलो नाही. मला माझा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

संध्याकाळी मी तिच्या वाडीत गेलो. मारुतीच्या पारावर माणसं होती, त्यांना सरळ सांगितलं, की मी थट्टा केली, पाण्यातून काहीच काढून घेत नाहीत. पाणी उंचावरून पडतं, पडताना चाक फिरवतं, आणि होतं तसंच पुढे जातं. खुशाल प्या.

मग एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे पानी नुसतं घाट उतरून येतंय म्हना."

"अगदी बरोबर."

"आन् घाट उतरून आलेला मानूस दमत नाय व्हय?"

मी चाकाचं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.

"मग पानी दमल्यालंच की," म्हातारा म्हणाला. दुसऱ्याला एकदम आठवलं की मागच्या आठवड्यात वीजघरातला एक कारकून माझ्याकडे पोटदुखीचं औषध न्यायला आला होता. झालं. त्यानेच मला असं बोलायला लावलं असणार. "तुमचा बी नाइलाज असंल वैद्यबुवा," असं म्हणून त्यांनी माझी समजूत घातली. थट्टा खरी ठरली आणि खऱ्यावर कुणाचा विश्वास बसेना.

परतताना मला सुचलं. सुचलं ते चांगलं नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. पण ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगर चढणार होती.

सकाळी मी थेट तिच्या सासूच्या अंगणात गेलो. चार शेजारणी जमल्या होत्या. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "रात्री ग्रंथ काढून पाहिला." ग्रंथ मी फडक्यातून सोडलासुद्धा नव्हता. "आम्ही लोखंड लाल करून पाण्यात विझवतो आणि ते पाणी अशक्त बाईला देतो, ठाऊक आहे ना? मग हे पाणी तर एवढ्या लांब लोखंडाच्या नळांतून घासत येतं. याची शक्ती गेली म्हणणारा मी मूर्ख. गर्भारणीला याच्यासारखं पाणी नाही."

सासूने हात जोडले. "आदी सांगायचं न्हवं का हो वैद्यबुवा!" संध्याकाळी सगळी वाडी नदीवर होती. आठ दिवसांत लांबच्या गावांची माणसं भांडी घेऊन येऊ लागली. पारावरचा म्हातारासुद्धा म्हणे रोज ओंजळभर पिऊ लागला होता.

फायरमनला मी सगळी हकीगत सांगितली, तेव्हा तो पोट धरून हसला. "आमी जन्मभर इंजिनाच्या टाकीतलं पानी पिलो. मग आमी पैलवान का नाय झालो?"

पण मी खूष होतो. पोरीचा डोंगर सुटला होता. खोटं बोललो खरं, पण कुणाचं तरी भलं झालं, असं मी मनाशी घोळवत होतो आणि पुन्हा रोज दुपारी ओट्यावर बसून रेडियमबद्दल मत देत होतो.

वैशाखात सासू सुनेला घेऊन माझ्याकडे आली. पायांना सूज होती. टोपलीभर करवंदं आणली होती, ती द्यायला सासू मागच्या दारी आमच्या मंडळींकडे गेली आणि तिथेच बोलत बसली. मी नाडी पाहिली. बाळाचं ठीक होतं. पाय मात्र चांगलेच सुजले होते.

"आता डोंगर नाही ना चढत?" मी विचारलं. मला थोडी शाबासकी हवी होती.

"नाय."

"मग हे कशाने?"

तिने मागच्या दाराकडे पाहिलं. आवाज बारीक करून म्हणाली, "वैद्यबुवा, रागवू नका. मी झऱ्यावर कवाच गेले नाय."

मला कळेना.

"डोंगराच्या वाटंनं निघायची. पायथ्याला नदी वळती, तितं करंज हाय. घरातनं दिसत नाय. त्याच्या सावलीला बसायची. झरा लांब, धार बारीक, येळ लागंलच, असं सासूबाई सोताच म्हनायच्या. मग निवांत नदीतनं भरून यायची."

"नदीतून? आणि भ्याली नाहीस?"

"त्यात मासं जगतात न्हवं?" ती म्हणाली. "मासं दुसरं काय पेतात?"

आमच्या ओट्यावर इतक्या दुपारी गेल्या, इतका कागद वाचला, पण हे एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं. मी हसणार होतो, पण ती हसत नव्हती.

"आता दारातली नदी. गेलं का आलं. घरात सारखं डोळ्यांफुडं. आन् औषदाचं पानी म्हून शेजारनी मागतात, सासूबाई नणंदंच्या गावाला धाडतात. दिसाला धा धा खेपा व्हतात." ती पायांकडे बघत राहिली. रडली नाही. "तेवडाच बसायचा येळ व्हता."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. माझ्या थट्टेचा हंडा तिच्या डोक्यावर नव्हताच. त्या थट्टेखाली ती रोज घटकाभर सावलीला बसत होती. हंडा ठेवला तो माझ्या शहाणपणाने. मला लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

"माझं चुकलं, पोरी. आत्ता सासूला सांगतो, हिला घरी बसवून विश्रांती द्या."

"नको, नको!" ती घाबरलीच. "घरात बसल्याली सून कुनाला बघवत नाय. बसली का भात कांडाया बसवतील. त्यापरीस कायतरी आनाया धाडा."

मी विचार केला. सुजेला निर्गुडीचा पाला शेकायला चांगला. हे तरी अगदी खरं होतं. पण निर्गुडी कुंपणालाही असते.

"निर्गुडीचा पाला सांगतो," मी म्हणालो. "किती लांबची सांगू?"

तिने खरंच हिशेब केला. भुवया आक्रसून, मनातल्या मनात ती सगळी वाट चालून आली. मग म्हणाली, "लई लांबची नको. बसाया येळ उरला पायजे."

इतक्या वर्षांत रोग्याला विचारून दिलेलं माझं ते पहिलंच मत.

सासू आत आली. मी म्हणालो, "रोज दुपारी निर्गुडी आणायची आणि पाय शेकायचे."

"कुंपनाला हाय की."

"ती नाही चालत. नदीच्या वळणावर करंज आहे, तिथली. हिनेच आपल्या हाताने खुडलेली. घाईने आणली की गुण जातो. आणि जाताना डोक्यावर भांडं नको, खेपा दुसऱ्या कुणी करायच्या."

म्हातारी मान डोलावत ऐकत होती. एकेक अट तिने बोटावर मोजून घेतली.

"आन् बाळंत झाल्यावर?" तिने विचारलं.

सून जमिनीकडे बघत होती.

"मग तर बाळालाही तिथे न्यायचं," मी म्हणालो.