दोन बोटं जागा

पालघरच्या बाजारात पंढरी कल्हईवाल्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. गळ्याशी काही बांधलेलं दिसलं, की हा बाबा जाऊन त्यात दोन बोटं घालून बघायचा. वासराचं दावं असो, बकरीची दोरी असो, नाहीतर शाळेला निघालेल्या पोराची गळपट्टी असो. बोटं सहज गेली, तर "ठीक आहे" म्हणायचा आणि आपल्या वाटेने जायचा. नाही गेली, तर मालकाला न विचारता गाठ सैल करून टाकायचा. एकदा मासळीबाजारातला एक कुत्रा त्याला कडकडून चावला, तरी खोड गेली नाही. लोक हसायचे. हसणाऱ्याचं काय जातं म्हणा! पण ही खोड त्याला का लागली हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यापैकी कुणी कधी हसलं नाही.

पंढरी मूळचा घाटावरचा. भाता, सांडशी आणि नवी बायको घेऊन पालघरला आला आणि स्टेशनाच्या रस्त्याला पत्र्याच्या खोपटात दुकान मांडून बसला. पुढे कल्हई, मागे संसार. हाताचा चांगला होता आणि तोंडाचा फटकळ. आपल्या कामाला कुणी नाव ठेवलेलं त्याला बिलकूल खपायचं नाही.

साठ सालच्या सुमारास माहीमचे बागायतदार कृष्णकांत त्याच्याकडे आले. त्यांनी वाडीत आंब्याची नवी कलमं लावली होती आणि गड्यांनी त्यांची पार खिचडी करून ठेवली होती. हापूस कुठला, पायरी कुठली, काही पत्ता लागेना. लाकडाच्या पाट्या लावल्या, त्या वाळवीने खाल्ल्या. डब्याचा पत्रा कापून लावला, तो खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात सडवला. रंगाने लिहिलं, तर नाव धुऊन गेलं आणि पाटी तेवढी कोरी राहिली.

"पंढरी, असं काहीतरी कर, की मी गेलो तरी झाडाचं नाव राहील," कृष्णकांत म्हणाले.

पंढरीला असलं काम म्हणजे मेजवानी. त्याने नाना तऱ्हेचे तुकडे वाडीच्या समुद्राकडच्या कुंपणाला लटकवून ठेवले आणि येता-जाता त्यांची हालत बघत राहिला. शेवटी जस्ताचा पत्रा टिकला. त्याचे बोटभर लांबीचे बिल्ले कापायचे, बारीक छिन्नीने अक्षरं ठोकायची आणि त्या खाचांत अळशीच्या तेलात खललेली काजळी भरायची. काजळी गेली तरी अक्षर जायचं नाही. आंधळ्याने बोट फिरवून वाचावं असं काम. बांधायला तांब्याची तार, कारण लोखंडाची गंजते.

पण पहिल्या वर्षी बिल्ले सैल बांधले होते. वाऱ्यात खडखड वाजून वाजून तारा तुटल्या आणि चार-दोन बिल्ले गवतात जाऊन पडले. कृष्णकांत सगळ्या गड्यांसमोर म्हणाले, "तू आपली भांडीच चमकव, बाबा!" झालं. पंढरीच्या टाळक्यात तिडीक गेली. त्याने वाडीतला प्रत्येक बिल्ला सोडला, तार खोडाभोवती ताणून घेतली आणि पक्कडीने दुहेरी पीळ दिला. तार सालीत रुतेपर्यंत दिला.

"आता येऊ दे वादळ," तो म्हणाला. "माझा बिल्ला पडायचा नाही."

आणि नाही पडला. पुढे कृष्णकांतांना मुलगा झाला, प्रताप. बारशाच्या दिवशी त्यांनी वाडीतलं मनगटाएवढ्या खोडाचं एक कलम पोराच्या नावाने केलं आणि त्यावर 'प्रताप' असा बिल्ला बांधून घेतला. बघताबघता वाडीवाल्यांत ती टूमच निघाली. मुरब्यापासून दातिवऱ्यापर्यंत जिथे म्हणून बारसं, तिथे पंढरीला बोलावणं. तोही छाती फुगवून जायचा, पीळ द्यायचा, आणि आपलं ते वाक्य ऐकवून यायचा.

पुढच्याच वर्षी त्याला स्वतःला मुलगी झाली. मंदा. फार वाट बघून झालेली. पंढरीला ना वाडी ना अंगण. पण त्याची थोरली बहीण साखरबाई तारापूरच्या बाजूला दिली होती आणि तिच्या परसात एक आंबा चांगला उभारीला आला होता. पंढरीने तिथे जाऊन 'मंदा' असा बिल्ला बांधला. आपल्या पोरीचा म्हणून दोन पीळ जास्त दिले.

मंदा पाच-सहा वर्षांची होईपर्यंत सगळं छान होतं. मग एक दिवस ती फ्रॉकची गळपट्टी ओढायला लागली. "आई, टोचतंय." रखमाबाईने गळपट्टी कापून टाकली, तरी पोर मानेशी हात नेऊन ओढतच राहिली. तिथे ओढायला काही नव्हतं. पुढे भाकरी उतरेना. मग भातही उतरेना, नुसती पेज. आवाज तर असा बारीक होत गेला, की चुलीपाशी बसलेल्या आईला दारातून मारलेली हाक ऐकू येईना. झोपेत श्वासाला शिटी लागायची. पालघरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला. म्हणाले, "स्वच्छ आहे. काही नाही." रखमाबाईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या, नवस बोलली. पोर दिवसेंदिवस पातळ होत चालली आणि पंढरीच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी एकच पोर, आणि तीही हातची जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

त्यातच कृष्णकांतांचा निरोप आला. नवी कलमं आलीत, बिल्ले घेऊन ये. काम तर करायलाच हवं. पंढरी माहीमला गेला. विहिरीच्या कठड्यावर प्रताप बसला होता. सदऱ्याची वरची बटणं उघडी, तोंडातून शब्द नाही. पंढरीने सहज त्याच्या मानेकडे बघितलं. मानेभोवती, दोरा बांधून काढल्यावर उठतो तसा, एक बारीक वळ होता.

"ह्याला काय झालं?" त्याने झाडांना पाणी घालणाऱ्या जमनाला विचारलं.

जमना म्हातारी होती. तिने घडा खाली ठेवला. "माझ्यासंगं या," म्हणाली, आणि त्याला प्रतापच्या झाडापाशी घेऊन गेली. खोड आता मांडीएवढं झालं होतं. तार कुठे दिसतच नव्हती. सालीचे दोन जाड ओठ झाले होते आणि बिल्ला त्यांच्यात अर्धा गेला होता. 'प्र' तेवढा बाहेर होता. खालून डिंकाचे ओघळ आले होते.

"दादा, झाडाला बी गळा हाय," जमना म्हणाली. "तुमी आवळलाय. तार बांधायची तं दोन बोटं जागा ठेवाची."

पंढरी भडकला. "मला शिकवतेस? उद्या म्हणशील, झाडाला जेवायला वाढ!" पण बोलताना नजर त्या सालीच्या ओठांवरून हटत नव्हती. शेवटी पुटपुटत त्याने छिन्नी घातली, मागच्या बाजूची तार शोधून काढली आणि पक्कडीने तोडली. टण्ण असा आवाज झाला आणि झाड मुळापासून शहारलं. वारा नव्हता.

"जमनाऽऽ! मला पेरू काढून दे!"

विहिरीवरून प्रताप ओरडत होता. जमनाने पदर तोंडाला लावला. दिवाळीपासून त्या पोराच्या तोंडून मोठा शब्द निघाला नव्हता.

पंढरीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण मंदाला दोन पीळ जास्त दिलेत, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. हत्यारांची पिशवी उचलून तो तसाच धावत सुटला.

बोईसरला उतरून साखरबाईच्या घरी पोचला, तर ते घर जुन्या जागी नव्हतं. तिकडे मोठं सरकारी काम निघालं होतं आणि तिची वाडी त्यात गेली होती. पैसे मिळाले, नवी जागा मिळाली. झाडं काही उचलून नेता येत नाहीत. विचारत विचारत तो नव्या घरी गेला, तेव्हा दारातच तिने भावाला पाणी दिलं.

"अक्का, मंदाचं झाड आहे ना गं?"

"आहे. पण सरकारी कुंपणाच्या आत गेलंय. आणि उद्या तो तुकडा साफ करणारेत म्हणे." मग ती जरा घुटमळली. "पंढरी, ते झाड बरं नाही हां. मी शेवटी शेवटी त्याच्या सावलीत बसत नव्हते."

पंढरीने पुढचं ऐकलंच नाही. नाव आत असताना झाड पाडलं तर? हा विचार त्याला पुरा करता येईना.

भर दुपार होती. कुंपणाच्या फाटकाशी उत्तरेकडचा एक पहारेकरी स्टुलावर बसला होता. पंढरीने हात जोडले, मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की त्या आंब्याला माझ्या पोरीचं नाव आहे, तेवढं काढून घेतो. पहारेकऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"कौन सा, वो कोने वाला? उसके पास कोई नहीं जाता, चाचा. वो पेड़ खाँसता है."

तरी पंढरी आत गेला. बाकीची वाडी केव्हाच आडवी झाली होती. बुंधे, उकरलेली माती, आणि कोपऱ्यात ते एकटं झाड. त्यावर कावळा नव्हता, मुंगीसुद्धा नव्हती. बिल्ला दिसत नव्हता. झाडाने तो पुरा गिळला होता. खोडाला कंबरेपाशी वेढा पडला होता आणि वेढ्याच्या वर ते सुजलं होतं.

त्याने खोडाला कान लावला. आतून बारीक शिटी येत होती. थांबायची, पुन्हा यायची. ही शिटी तो रोज आपल्या घरात ऐकत होता.

"मंदा, थांब गं बाळा, आलोच," तो झाडाला म्हणाला आणि रडायला लागला.

रडतारडताच त्याने छिन्नी लावली. जास्त खोल गेली तर काय कापलं जाईल, कोण सांगणार? आयुष्यात जोरात हातोडी मारणारा माणूस, पण त्या दुपारी तो अंड्याचं टरफल सोलावं तसा साल सोलत होता. बोटं रक्ताळली. शेवटी तार लागली. पक्कडीने पकडली, तोडली. त्याने स्वतःच दिलेले पीळ एकेक करून उलगडले. बिल्ला बाहेर आला तो कालच केल्यासारखा लखलखीत. 'मंदा' या अक्षरांतली काजळीसुद्धा जागेवर होती. किती पक्कं काम! पंढरीला स्वतःच्या हातांची किळस आली.

झाडाने लांब, खोल श्वास सोडला. फाटकाशी पहारेकरी पाठ फिरवून उभा होता. तो वळला नाही.

पंढरी पालघरला परतला तेव्हा दिवस कलला होता. गल्लीच्या तोंडाशीच हाक ऐकू आली. "बाबाऽऽ! मी भाकरी खाल्ली!" पंढरीचा जीव भांड्यात पडला. रखमाबाई दारात हसत होती आणि डोळे पुसत होती. देवी नवसाला पावली म्हणाली. पंढरीने मान डोलावली. खरं काय ते त्याने तिला सांगितलं नाही. बायको घाबरेल, असं त्याने मनाशी ठरवलं. पण खरी गोष्ट अशी, की त्याला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून तो वाड्यावाड्यांतून हिंडू लागला. कुणाकुणाच्या बारशाला आपण गेलो होतो ते आठवून आठवून प्रत्येक तार तोडायची आणि बिल्ला दोन बोटं सैल बांधायचा. लोक विचारायचे, "पंढरी, तुझा बिल्ला पडायचा नाही ना?" तो म्हणायचा, "पडू दे." दातिवऱ्याच्या एका घरी तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्या घराबद्दल तो तेव्हा कुणाशी बोलला नाही.

मंदाचा बिल्ला मात्र त्याने मोडला नाही. भट्टी समोरच होती, जस्त वितळायला कितीसा वेळ! पण पोरीचं नाव विस्तवात कसं घालायचं? त्याने तो घरात खिळ्याला अडकवून ठेवला.

चैत्र आला. महालक्ष्मीच्या जत्रेला जायचं ठरलं, नवस फेडायला. सकाळीच पंढरी मुरब्याला उरलेली दोन झाडं सोडवायला गेला होता. परतला तर मंदा नवा फ्रॉक घालून उंबऱ्यात बसली होती. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात बिल्ला.

"अहो, बघा कशी शोभतेय!" रखमाबाई आतून म्हणाली. "जत्रेत हरवली तर नाव तरी वाचता येईल. तुमच्यासारखा दुहेरी पीळ दिलाय. पडायचा नाही."

मंदाने बापाकडे बघून तोंड उघडलं. आवाज आला नाही. आली ती नुसती शिटी.

पंढरीने तिच्यावर झडप घातली आणि दोऱ्यात दोन बोटं घालायला गेला. एकही जाईना.

"असं कसं?" रखमाबाई धावत आली. "सकाळी तर सैल होता हो! माझा हात जात होता त्यातून!"

पक्कड. दोरा तुटला. मंदाने भोकाड पसरलं, एवढ्या मोठ्याने, की शेजारीपाजारी गोळा झाले. तसलं रडणं पंढरीने आयुष्यात इतक्या आनंदाने कधी ऐकलं नव्हतं. त्याने बिल्ला उचलून भट्टीत टाकला आणि तो पाणी होईपर्यंत भाता मारत राहिला. मग पोरीला पोटाशी धरून बसला आणि रखमाबाईला सगळं सांगितलं. पहिल्या पिळापासून दातिवऱ्यापर्यंत.

ती ऐकताऐकता भिंतीला टेकली. तिचा हात नकळत आपल्या गळ्याशी गेला. लग्नात घातलेल्या काळ्या मण्यांच्या पोतीशी.

पंढरी उठला. शेजाऱ्यांसमोर, दिवसाढवळ्या, त्याने बायकोच्या पोतीत दोन बोटं घालून बघितली. रखमाबाई हलली नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. बोटं सहज गेली.

"ठीक आहे," पंढरी म्हणाला.