सासऱ्यांच्या कॉलेजची शेवटची हजेरी

माझे सासरे कृष्णवर्णीय अमेरिकन. सैनिक म्हणून जर्मनीत आले आणि डार्मश्टाटच्या मुलीशी लग्न करून इथेच राहिले. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या. नवरा आठवडाभर नोकरीसाठी इंगोलश्टाटला, त्यामुळे सासरे आणि मी, दोन परकी माणसं, एकमेकांच्या वाट्याला आलो. मी त्यांना पपा म्हणायचे.

पपांकडे सांगायला एकच गोष्ट होती, त्यांच्या कॉलेजची. अमेरिकेच्या दक्षिणेत, गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या चर्चनं ते काढलं. पहिले वर्ग चर्चच्या तळघरात भरले. इमारतीसाठी विटा विद्यार्थ्यांनीच थापल्या, त्यांनीच भाजल्या. सकाळी विटा, दुपारी व्याकरण. वसतिगृह उभं राहिलं आणि गावातल्या गोऱ्यांनी ते पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी राखेपाशी उभं राहून एकेकाचं नाव पुकारलं. जो "हिअर", म्हणजे हजर, म्हणाला तो वाचला होता. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्यासाठी चर्चची घंटा वाजली. तेव्हापासून माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दरवर्षी अशीच हजेरी व्हायची, बॅचवार. बॅचमधलं कोणीच उरलं नाही की तिचा झेंडा घडी करून पेटीत ठेवायचे. हा इतिहास नव्या मुलांना तोंडपाठ करावा लागे. ऐकून ऐकून मलाही पाठ झाला होता. खरं सांगायचं तर कंटाळा यायचा.

तीन वर्षांपूर्वी पपांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच सुमारास पत्र आलं: विद्यार्थी उरले नाहीत, मान्यता गेली, चर्चलाही आता झेपत नाही, कॉलेज बंद होतंय. शेवटची हजेरी ऑनलाइन. पपांच्या बॅचमधले तेच एकटे हयात होते. तुमच्या वतीनं मी कळवू का, असं विचारलं तर त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. हजेरी ज्याची त्यानं द्यायची असते.

मग बोलायला शिकवणारी लोगोपेडीन आठवड्यातून दोनदा यायला लागली. शब्द एकच. नऊ आठवडे त्यांनी दुसरं काही केलं नाही. लाळ गळायची, मी पुसायचे, ते पुन्हा सुरू. इतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही, आणि मला त्यांचा रागही यायचा आणि अभिमानही वाटायचा.

हजेरीच्या शनिवारी नवऱ्याला घरी यायला जमलं नव्हतं. दुपारी मी पपांना सूट घातला, टाय बांधला आणि लॅपटॉपसमोर बसवलं. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई यादी वाचत होत्या. एक नाव, एक उत्तर. मग सलग चार घंटा. मग पपांचं नाव. त्यांनी डाव्या हातानं खुर्ची घट्ट धरली, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"हिअर."

अगदी स्वच्छ. मला रडूच कोसळलं. बाईंनी नाव पुन्हा पुकारलं. म्हाताऱ्या आहेत, ऐकू आलं नसेल, असं मला वाटलं. पपांनी पुन्हा तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. आणि घंटा वाजली.

तेव्हा मी पडद्याकडे नीट पाहिलं. माइक बंद होता. मीच केला होता. इथल्या ऑफिसात पंधरा वर्षं काढल्यावर मीटिंगमध्ये शिरलं की हात आपोआप माइक बंद करतो. मी तो चालू केला आणि ओरडले की ते जिवंत आहेत, इथे बसलेत, आत्ताच बोलले. झेंडा घडी करणारे हात थांबले.

बाई म्हणाल्या, "मग म्हणू दे त्यांना, बेटा. आम्ही थांबतो."

सगळे खरोखरच थांबले. पपांनी प्रयत्न केला, पुन्हा केला. नुसती हवा बाहेर येत होती. दोनेक मिनिटांनी त्यांनी स्वतःच डावा हात पुढे करून लॅपटॉप मिटला.

मी माफी मागितली तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर कॉलेजचं पत्र आलं, तुमची हजेरी लावली आहे म्हणून. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मंगळवारी लोगोपेडीन आली तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

पुढे सात महिने ते जगले, एक अक्षरही न बोलता. तो शब्द त्यांनी म्हटला होता, हे ऐकलेली मी एकटीच, आणि माइक बंद करणारीही मीच.